‘त्याला काय विचारायचे?’ : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

मनोसामाजिक अपंगत्व (म्हणजे मानसिक आजार आणि त्यापायी जगाने उभे केलेले अडथळे यांतून येणारे अपंगत्व) असलेल्या व्यक्तींचे हक्क आणि त्यांचा स्वनिर्णय या विषयावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे ज्याच्याविषयी आहेत त्याने लिहिलेली नाहीत. ती भावाने, आईने, बायकोने किंवा परिचारिकेने लिहिलेली आहेत. यात कुणाचा दोष काढायचा नाही, परंतु या विषयाचे दुखणे नेमके तिथेच आहे, म्हणून ते सुरुवातीलाच नोंदवते. आणखी एक गोष्ट आधी सांगितलेली बरी. प्रस्तुत लेखिका स्वतः दोन वेळा मनोरुग्णालयात राहून आलेली आहे, त्यांतली एक वेळ स्वतःच्या मर्जीविरुद्ध. त्यामुळे पुढची उत्तरे त्रयस्थाची नाहीत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ छत्तीस वर्षांचा असून बारा वर्षांपासून त्याला स्किझोफ्रेनियाचा त्रास आहे. एरवी तो बरा असतो, मात्र गेल्या वर्षी आजाराने पुन्हा उचल खाल्ली तेव्हा त्याने बँकेतली बरीचशी रक्कम एका अनोळखी माणसाला देऊन टाकली. न्यायालयाकडून त्याचे पालकत्व घ्यावे, म्हणजे त्याच्या सहीला अर्थ उरणार नाही आणि तो सुरक्षित राहील, असा वकिलांचा सल्ला आहे. आई-वडील थकले आहेत, त्यामुळे ही जबाबदारी माझ्याकडेच येणार. भावाला अजून काही सांगितलेले नाही. हे त्याच्या हिताचे ठरेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात : भावाला अजून काही सांगितलेले नाही. त्या वाक्याकडे शेवटी येऊ.

‘सहीला अर्थ उरणार नाही’ याचा व्यवहारात काय अर्थ होतो, ते आधी पाहावे. सही फक्त धनादेशावर लागत नाही. घरभाड्याचा करार, नोकरीचे कागद, शस्त्रक्रियेची संमती, विवाहाची नोंद, पोलिसांत द्यायची तक्रार आणि वकीलपत्र या सगळ्यांवर ती लागते. पूर्ण पालकत्वाच्या अनेक कायद्यांत एका आदेशासरशी हे सारे हातचे जाते. आणि हा आदेशच चुकीचा आहे असे म्हणण्यासाठी वकील नेमायला निघावे, तर त्या वकीलपत्रावरची सहीही कित्येकदा ग्राह्य धरली जात नाही. खात्यातली रक्कम वाचवण्यासाठी खातेदारालाच वजा करण्याचा हा प्रकार आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि ३ मे २००८ पासून तो अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात असे म्हटले आहे, की अपंग व्यक्तींना आयुष्याच्या सर्व अंगांत इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे आणि ती वापरताना लागेल ते साहाय्य त्यांना मिळवून देणे हे राज्याचे काम आहे. या कलमाचा अर्थ उलगडणारे भाष्य कराराच्या पालनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एक आहे कुवत, म्हणजे समजून घेऊन ठरवण्याची ताकद; ती प्रत्येकाची निराळी असते आणि एकाच माणसाचीही ताप, थकवा, दुःख, आजार यांनी कमीजास्त होते. दुसरी आहे कायदेशीर क्षमता, म्हणजे कायद्यापुढे माणूस म्हणून उभे राहण्याचा आणि आपले व्यवहार आपण करण्याचा हक्क. पहिली कमी पडली म्हणून दुसरी काढून घेता येणार नाही, असे समितीचे म्हणणे आहे. ज्याला कोणतेही निदान चिकटलेले नाही असा एखादा शहाणासुरता माणूसही गोड बोलणाऱ्या भामट्याला आयुष्याची पुंजी देऊन बसतो. त्याची पुंजी जाते, लोक त्याला नावे ठेवतात, पण त्याची सही कुणी काढून घेत नाही. चुकण्याची ही मुभा तुमच्या भावाला नाही आणि इतरांना आहे, एवढाच फरक आहे, आणि तो फरक निदानामुळे पडतो.

त्याच भाष्यात ‘हित’ या शब्दावरही बोट ठेवले आहे. प्रौढ माणसाच्या बाबतीत त्याचे हित कशात आहे हे इतरांनी ठरवण्याऐवजी त्याची इच्छा आणि पसंती काय आहे याचा शोध घ्यावा आणि खूप प्रयत्न करूनही ती कळली नाही तरच, त्याच्या आजवरच्या वागण्याबोलण्यावरून तिचा जास्तीत जास्त जवळचा अर्थ लावावा, असे ते सांगते. म्हणून ‘हे त्याच्या हिताचे ठरेल का’ या तुमच्या प्रश्नाच्या जागी ‘त्याला काय हवे आहे’ हा प्रश्न ठेवून पाहावा, अशी विनंती आहे.

हे निव्वळ कागदावरचे राहिलेले नाही. पेरूने २०१८ मध्ये नागरी कायदा बदलून अपंग प्रौढांवरची पालकत्वाची पद्धत मोडीत काढली आणि तिच्या जागी स्वतः निवडलेल्या साहाय्यकांची तरतूद केली. कोलंबियाने २०१९ मध्ये तसाच कायदा केला. आयर्लंडमध्ये तर १८७१ सालचा ‘लुनसी’ म्हणजे ‘वेड’ या नावाचा कायदा २०२३ पर्यंत चालू होता आणि न्यायालयाच्या ताब्यातले ‘पाल्य’ म्हणून प्रौढ माणसे त्याखाली राहत होती. एप्रिल २०२३ पासून त्या पद्धतीखाली नव्या प्रौढांना आणणे बंद झाले आणि आधीच्या पाल्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचे ठरले.

मला स्वतःला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती स्वीडनमधली ‘व्यक्तिगत ओम्बुड’ ही योजना. तिथे १९९५ च्या मनोरुग्णसेवेतील सुधारणांनंतर तिचे प्रयोग झाले आणि २००० पासून ती देशभर नेण्यात आली. ओम्बुड हा प्रशिक्षित माणूस असतो, पण तो डॉक्टरांच्या, नातेवाइकांच्या किंवा कचेरीच्या वतीने काम करत नाही. ज्याच्यासाठी नेमला आहे, केवळ त्याने सांगितलेले काम करतो. दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतात ही सेवा चालवणाऱ्यांनी काही नियम मोठे मजेदार ठेवले. ओम्बुडला ऑफिस नाही, कारण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाचा अधिकार आपोआप वाढतो. कामाचे तास ठरलेले नाहीत, कारण अडचणी दहा ते पाचमध्ये येत नाहीत. तो नोंदवही ठेवत नाही. जमलेले कागद त्या व्यक्तीचे असतात आणि काम संपल्यावर ते तिला देऊन टाकायचे किंवा नष्ट करायचे. सेवा मिळवण्यासाठी अर्ज नाही, तोंडी ‘हो’ पुरते. अविश्वासाने दार लावून बसलेल्या माणसाशी ओळख व्हायला कधी कधी महिने लागतात आणि ते महिने वाया गेले असे तिथे कुणी मानत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे? भावाची तब्येत ठीक असताना त्याच्यासमोर बसून गेल्या वर्षीची हकिकत त्याच्या तोंडून ऐकावी. त्या माणसाला त्याने पैसे का दिले, हे तुम्ही त्याला कधी विचारले आहे का? पत्रावरून तरी तसे दिसत नाही. त्यानंतर त्याला मान्य असतील अशा सोयी करता येतील : खात्यातून एका दिवसात काढायच्या रकमेला मर्यादा, ठरावीक रकमेपुढे दोन सह्या, मोठा व्यवहार झाल्यास त्याने निवडलेल्या व्यक्तीला संदेश. या सगळ्या सोयी त्याने स्वतः मागितलेल्या आणि त्याला मोडता येणाऱ्या असाव्यात. ती निवडलेली व्यक्ती तुम्ही नसाल, हेही मनाशी धरून चालावे. आणि तुमच्या इथल्या कायद्यानुसार पालकत्वावाचून गत्यंतरच नाही असे वकील म्हणाले, तर निदान ते एखाद्याच बाबीपुरते, कमीत कमी मुदतीचे आणि ठरावीक काळाने तपासले जाणारे असावे, असा आग्रह धरावा. पण अर्ज त्याच्या पाठीमागे करू नये. न्यायालयाची नोटीस हाती पडल्यावर ही गोष्ट त्याला कळली, तर पुढच्या खेपेला आजार उचल खाईल तेव्हा तो तुमच्याकडे येणार नाही.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मला माझ्या मनाविरुद्ध दाखल करण्यात आले. चौघांनी धरून इंजेक्शन दिले, ते अजून आठवते. आता मी नोकरी करते, औषधे घेते. पुन्हा तशी वेळ आलीच तर माझे म्हणणे ऐकले जाईल, अशी काही तजवीज आधीपासून करून ठेवता येते का? आणि गोळ्या बंद करण्याचा मला हक्क आहे का?

उत्तर : तुमचे पत्र वाचून मी बराच वेळ लिहू शकले नाही, एवढे आधी सांगते.

तजवीज करता येते. तिला आगाऊ निर्देश म्हणतात : आपल्याला कोणते उपचार चालतील, कोणते चालणार नाहीत आणि आपल्या वतीने कुणी बोलावे, हे बरे असताना लिहून ठेवलेले पत्र. काही देशांत त्याला कायद्याचे पाठबळ आहे. भारताच्या २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही आगाऊ निर्देशाची आणि नामनिर्देशित प्रतिनिधीची तरतूद आहे. कुठे ते पत्र बरेचसे बंधनकारक असते, कुठे डॉक्टरांना तातडीच्या प्रसंगी ते बाजूला ठेवता येते. तेव्हा आपल्या कायद्यात नेमके काय आहे, साक्षीदार किती लागतात, नोंदणी कुठे करायची, हे जाणकाराकडून समजून घ्यावे. कायद्याचे बळ कमी असले, तरी लिहिलेले पत्र पुरावा म्हणून उरते : मी बरी असताना माझे म्हणणे हे होते.

अशा पत्रात ‘माझ्याशी सन्मानाने वागावे’ यासारखी वाक्ये लिहून उपयोग नाही. ती कुणीच नाकारत नाही आणि कुणी पाळतही नाही. बारीकसारीक लिहावे. माझे पत्र दोन पानांचे आहे; घड्यांवर फाटत आल्यामुळे गेल्या वर्षी पुन्हा उतरवून काढले. त्यातली तीन कलमे इथे देते.

पहिले : ‘सलग तीन रात्री मी चार तासांपेक्षा कमी झोपले, तर माझ्या मैत्रिणीला कळवावे. मी तिला फोनवर सांगेन की मला काहीही झालेले नाही. तरीही तिने यावे आणि दारातून परत जाऊ नये.’

दुसरे : ‘एका विशिष्ट इंजेक्शनाने माझी मान एका बाजूला आखडते आणि जीभ जड होते. त्याचे नाव खाली लिहिले आहे. ते देऊ नये. झोपेसाठी दुसरे कोणते औषध मला चालते, तेही खाली लिहिले आहे.’

तिसरे : ‘माझा चष्मा काढून घेऊ नये.’

या तिसऱ्या कलमाला हसू नका. मर्जीविरुद्ध दाखल केले त्या वेळी काचेने स्वतःला इजा करून घेईन म्हणून माझा चष्मा काढून कपाटात ठेवला होता. माझा नंबर मोठा आहे. दोन दिवस समोर येणाऱ्या माणसाला चेहराच नव्हता. पांढरा किंवा निळा एक डाग चालत यायचा आणि माझा दंड धरायचा. मी ओरडले. ते ओरडणे केसपेपरवर ‘रुग्ण आक्रमक’ म्हणून नोंदवले गेले आणि त्या नोंदीच्या आधारे पुढचे इंजेक्शन आले. चष्म्याबद्दलची एक ओळ कुणी आधी वाचली असती, तर ते इंजेक्शन टळले असते असे मला आजही वाटते. तेव्हा तुमच्या बाबतीत चष्म्याच्या जागी काय आहे, ते आठवून लिहा.

या पत्रांचा उपयोग होतो का, याचा अभ्यास झालेला आहे आणि त्याचे उत्तर सरळ नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये १६० जणांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रुग्ण आणि उपचार करणारे यांनी एकत्र बसून बनवलेल्या संकटकालीन आराखड्यामुळे सक्तीच्या उपचारांचे प्रमाण जवळपास निम्मे राहिले : आराखडा नसलेल्या गटात २७ टक्के, असलेल्या गटात १३ टक्के. त्याच धर्तीवरच्या, ५६९ जणांच्या मोठ्या चाचणीत २०१३ मध्ये मात्र असा फरक दिसला नाही. संशोधकांनी सखोल पाहिले तेव्हा आढळले, की अनेक ठिकाणी डॉक्टर मंडळींनी त्या बैठकांत मनापासून भाग घेतलाच नव्हता. आराखडा हा भरायचा आणखी एक फॉर्म झाला होता. म्हणून पत्र एकटीने लिहून ड्रॉवरमध्ये ठेवू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर ते वाचा, त्यांना न पटणाऱ्या कलमांवर वाद घाला आणि एक प्रत त्यांच्याकडच्या तुमच्या कागदांना जोडायला सांगा.

काही जण पत्रात असेही लिहितात, की ‘त्या काळात मी नको म्हटले तरी माझा नकार मानू नये आणि उपचार करावेत.’ आपणच आपल्याला आधी बांधून घेण्याचा हा प्रकार आहे आणि त्यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझे मत विचाराल, तर मैत्रिणीला ‘मी नको म्हटले तरी ये’ असे लिहायला मी तयार आहे, इंजेक्शनाच्या सुईला तसे लिहून द्यायला तयार नाही. तुमचे मत वेगळे असू शकते. पत्र तुमचे आहे.

आता गोळ्या. आपल्या शरीरात काय जावे हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे आणि त्यात नको म्हणण्याचा हक्क येतोच. पण हक्क आहे म्हणून गोळ्या एका दिवसात बंद करू नयेत, हे मी अगदी स्पष्टपणे सांगते. अनेक औषधे एकदम सोडल्यास शरीर आणि मन दोन्हींवर उलट परिणाम होतो. मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारे लिथियमसारखे औषध अचानक थांबवल्यावर आजार लवकर उलटण्याची भीती असते, आणि मग तो उलटला की ‘बघा, गोळ्या सोडल्या की असे होते’ हा शेरा तुमच्या नावावर कायमचा लागतो. औषधे कमी करण्यासाठीही डॉक्टरांची मदत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे : किती दिवसांनी किती कमी करायचे, कोणत्या लक्षणांवर नजर ठेवायची, कुठे थांबायचे. ‘घ्यायच्या असतील तर घ्या, नाहीतर माझ्याकडे येऊ नका’ असे एखादे डॉक्टर म्हणत असतील, तर दुसऱ्यांचे मत घ्यावे.

प्रश्न : ‘मनोरुग्ण’, ‘मनोसामाजिक अपंगत्व असलेली व्यक्ती’, ‘शुभार्थी’ यांपैकी योग्य शब्द कोणता? आणि जो आजार आहे त्याला अपंगत्व का म्हणायचे?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते. आजार माणसाच्या ठिकाणी असतो, अपंगत्व माणूस आणि जग यांच्या मधल्या जागेत असते. भास होणे हा आजाराचा भाग झाला. ‘आपण कधी मानसिक उपचार घेतले आहेत काय’ या रकान्यात ‘होय’ लिहिल्यामुळे नोकरी नाकारली जाणे हे अपंगत्व झाले. वर उल्लेखिलेल्या कराराच्या पहिल्याच कलमात अपंगत्वाचा विचार असाच, अडथळ्यांच्या अंगाने केलेला आहे. आजारावर औषध डॉक्टर देतील. त्या रकान्यावर औषध कायद्यानेच द्यायला हवे.

शब्दाबद्दल एकमत नाही. जागतिक पातळीवर या लोकांची जी संघटना आहे, तिने आपल्या नावातच मनोरुग्णसेवा ‘वापरणारे’ आणि तिच्यातून ‘तगून निघालेले’ असे दोन्ही शब्द ठेवले, कारण काहींना तिथे मदत मिळाली होती आणि काहींना जखमा. कराराचा मसुदा तयार होत असताना ही मंडळी वाटाघाटींत बसली होती आणि ‘आमच्याविषयी आमच्याशिवाय काही नको’ ही घोषणा तिथे सतत कानी पडत असे. मराठीत आधारगटांनी रुजवलेली, आजारी व्यक्तीसाठी ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ ही जोडी गोड आहे, ‘पेशंट’पेक्षा तर कितीतरी चांगली. तरी एक शंका मनात राहते : शुभ करणारा एक आणि ते मागणारा दुसरा, अशी कामाची वाटणी त्या शब्दांतच होऊन बसते, आणि सांभाळणाऱ्याच्या हातून नेहमी शुभच होते असे नाही. समोरच्याला स्वतःसाठी कोणता शब्द आवडतो ते विचारावे. बहुतेकांना स्वतःचे नाव आवडते.

प्रश्न : मी एका मनोरुग्णालयात परिचारिका आहे. हक्कांची भाषा वाचायला बरी वाटते; परंतु रात्रपाळीला दोन परिचारिका आणि चाळीस रुग्ण असताना, एखादा खिडकीची काच फोडून तुकडा हातात घेतो, तेव्हा बांधून ठेवण्यावाचून दुसरा मार्ग कोणता? जो इतरांना धोकादायक आहे त्यालाही स्वनिर्णय आहे का?

उत्तर : तुमच्या प्रश्नातला राग रास्त आहे. चाळीस माणसांमागे दोन परिचारिका ठेवणाऱ्यांनी बांधायचा निर्णय आधीच घेतलेला असतो. दोरी तेवढी तुमच्या हातात दिलेली असते.

धोक्याबद्दल दोन गोष्टी बोलायला हव्यात. मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती कधीही हिंसा करत नाहीत, उलट त्या हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते. दुसरे म्हणजे, काचेचा तुकडा हातात घेतलेल्या माणसाला थांबवणे आणि आजारी आहे म्हणून पुढचे आठ दिवस कोंडणे या एक गोष्टी नाहीत. पहिल्यात प्रसंग थांबवला जातो. तिथे निदान असो वा नसो, कुणालाही थांबवले जाईल. दुसऱ्यात माणसाच्या निदानालाच शिक्षा होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ मध्ये मानसिक आजार असलेल्यांसाठी जी तत्त्वे स्वीकारली, त्यांत नजीकच्या धोक्याच्या कारणाने सक्तीने दाखल करण्याला जागा होती. २००६ च्या कराराचे चौदावे कलम मात्र म्हणते, की अपंगत्वाचे अस्तित्व हे स्वातंत्र्य हिरावण्याचे कारण कोणत्याही परिस्थितीत ठरू शकत नाही, आणि समितीने त्याचा अर्थ सक्तीच्या भरतीला पूर्ण नकार असा लावला आहे. सर्व देशांना हे मान्य नाही. ऑस्ट्रेलियाने कराराला अंतिम मान्यता देताना, शेवटचा उपाय म्हणून दुसऱ्याने निर्णय घेण्याला आणि सक्तीच्या उपचारांना आपल्या समजुतीप्रमाणे वाव आहे असे निवेदन जोडले. कॅनडानेही बाराव्या कलमाबाबत असाच हक्क राखून ठेवला. कित्येक मनोविकारतज्ज्ञांनाही समितीचे म्हणणे अतिरेकी वाटते. हा वाद खराखुरा आहे आणि तो मिटला आहे असे मी भासवणार नाही. मी स्वतः समितीच्या बाजूला झुकते, कारण ‘शेवटचा उपाय’ म्हणून ठेवलेली गोष्ट मनुष्यबळ कमी असले की पहिली होते, हे मी पलंगावरून पाहिले आहे.

आता इटलीतली एक हकिकत. मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बझालिया १९६१ मध्ये गोरित्सियाच्या मनोरुग्णालयात प्रमुख म्हणून रुजू झाले. आदल्या रात्री कुणाकुणाला बांधले, याची नोंदवही मुख्य परिचारकाने रिवाजाप्रमाणे त्यांच्यासमोर सहीसाठी ठेवली. ‘मी सही करत नाही,’ असे ते म्हणाले, अशी ही गोष्ट सांगितली जाते. पुढे १९७१ पासून ते त्रिएस्ते इथल्या मनोरुग्णालयात होते. तिथे सुमारे बाराशे रुग्ण होते. १९७३ मध्ये रुग्ण, कर्मचारी आणि कलावंत यांनी मिळून लाकूड आणि कागदाचा एक मोठा निळा घोडा तयार केला आणि तो शहरात मिरवत न्यायचे ठरले. पण घोडा इतका उंच झाला होता, की तो फाटकातून बाहेर पडेना, तेव्हा फाटकच तोडावे लागले. १३ मे १९७८ रोजी इटलीने कायदा करून नव्या मनोरुग्णालयांची उभारणी आणि जुन्यांतली भरती थांबवली. सक्तीचे उपचार तिथेही पूर्ण गेले नाहीत. आजही दोन डॉक्टरांच्या म्हणण्यावरून महापौर तसा आदेश काढू शकतो, मात्र तो सात दिवसांचा असतो आणि न्यायाधीशाला ४८ तासांच्या आत कळवावा लागतो. पण बझालियांसारखी सही नाकारण्याची सोय प्रमुख डॉक्टरला असते, रात्रपाळीच्या परिचारिकेला नसते, हे मला कळते.

तुम्हाला जे करता येईल ते त्या प्रसंगानंतर. माणूस शांत झाला, की त्याला विचारा, काच फोडण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय घडले होते. घरी फोन लावून द्या अशी त्याने तीनदा विनंती केली होती का? शेजारच्या पलंगावरचा माणूस त्याला छळत होता का? त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत नोंदवहीत उतरवा, आणि त्याखाली त्या वेळी वॉर्डात किती कर्मचारी हजर होते तो आकडा लिहा. बांधल्याच्या प्रत्येक नोंदीखाली हा आकडा लिहिला गेला, तर वर्षअखेर ती वही कुणाविरुद्धचा पुरावा होईल हे सांगायला नको. तुमच्याविरुद्धचा तो नसेल.

प्रश्न : माझी मुलगी सव्वीस वर्षांची आहे. तिला बायपोलर आजार आहे. तपासणीला मी नेहमी सोबत जाते आणि डॉक्टर माझ्याशीच बोलतात. आता ती म्हणते, तू बाहेर बस. डॉक्टरांच्या नोंदी मला पाहता येतील का? आईला इतकाही अधिकार नाही का?

उत्तर : नोंदी तिच्या आहेत. तिने दाखवल्या तर पाहाव्यात, तिच्या परवानगीवाचून मागू नयेत. ‘बाहेर बस’ हे ऐकायला किती जड गेले असेल याची मला कल्पना आहे, कारण हेच शब्द मी माझ्या आईला ऐकवले होते, आणि ती बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्हाला जे डॉक्टरांना सांगायचे आहे, उदाहरणार्थ ती रात्री झोपत नाही किंवा फार भरभर बोलते, ते सांगायला तुम्हाला कुणी अडवलेले नाही. फक्त ते आधी तिला सांगून, तिच्यादेखत सांगावे. तुमच्या स्वतःच्या थकव्यासाठी वेगळी वेळ मागून घ्यावी, तोही खरा आहे.

आणि ती कधी पुन्हा म्हणाली, की ये आत, तर डॉक्टर तुमच्याकडे पाहून ‘कशी आहे ही?’ असे विचारतील तेव्हा उत्तर देऊ नये. तिच्याकडे पाहावे आणि थांबावे. ती लवकर बोलणार नाही, कारण इतकी वर्षे तिला कुणी विचारले नव्हते.